एच. श्रीकांत यांचं गर्भाशय

बाबांचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन यशस्वी झालं.

असं काही झालेलं नाही, असं धरून पुढचं वाचा. आम्हीही तसंच धरून चाललो आहोत.

ऑपरेशन आईचं झालं. तिचं नाव हेमलता श्रीकांत दाबके. आपल्यात आधी बाई, मग नवरा, मग आडनाव. बेंगळुरात आधी गावाचं किंवा वडिलांचं अक्षर येतं आणि माणूस शेवटी. भरती करताना काउंटरवरच्या कुणीतरी हेमलता हे गाव धरलं, दाबके जागेअभावी सोडून दिले, आणि 'एच. श्रीकांत' नावाचा रुग्ण तयार केला. विमा आई-बाबांचा एकत्र आहे. त्यात श्रीकांत सापडला. पुरुष. कॉम्प्युटरचं समाधान झालं.

विमा कंपनीचं झालं नाही. डिस्चार्जच्या दिवशी उत्तर आलं: पुरुष रुग्णास सदर अवयव नसल्याने दावा नामंजूर.

"मुद्दा बरोबर आहे त्यांचा," बाबा म्हणाले. ते आयुष्यभर सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. तर्क नीट असला की चूक कुणाची, हे ते विचारत नाहीत.

आई विचारत होती. डॉक्टरांनी तिला सकाळीच घरी जा म्हटलं होतं, बिलिंगने म्हटलं नव्हतं. ती साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बेडवर बसली होती. "मला येलहंक्याला माझ्या घरी जायचंय. आज. तुम्ही दोघं कागद खा, नाहीतर कॉम्प्युटर खा."

बिलिंगला शेषगिरी नावाचा सभ्य माणूस होता. बाबा त्याच्याशी कन्नडमध्ये बोलले. बाबांचं कन्नड म्हणजे हिंदी वाक्य आणि शेवटी अण्णा.

"नाव दुरुस्त करायचंय, शेषगिरी अण्णा. फार नाही, स्वल्प."

"सरी, सर, होईल. अर्जावर रुग्णाची सही लागेल."

"आईची ना?" मी विचारलं.

"रुग्णाची. श्रीकांत सरांची."

"मग द्या पेन," बाबा म्हणाले.

शेषगिरीने स्क्रीनकडे पाहिलं, मग बाबांच्या पायांकडे. "सर, तुम्ही असं उभं राहायचं नाही. टाके ओले आहेत तुमचे."

बाबांनी पोटाला हात लावून खात्री करून घेतली.

नियमाप्रमाणे सही बेडवर, नर्ससमोर व्हायला हवी होती. व्हीलचेअर आली, बाबा बसले, शेषगिरी अर्ज घेऊन मागोमाग वर आला. आई खुर्चीत सरकली, बाबा बेडवर आडवे झाले आणि त्यांनी सही केली. नर्सने हात धरलाच होता म्हणून रक्तदाबही बघितला. तो खरंच वाढलेला निघाला.

"आता कंपनी विचार करेल," शेषगिरी म्हणाला. "तोपर्यंत रुग्णाला सोडता येणार नाही."

"म्हणजे मला," आई म्हणाली.

"नाही, अम्मा. रुग्णाला."

तेवढ्यात सिक्युरिटी गार्ड दारात आला. भेटीची वेळ संपली होती. बेडवर पुरुष आणि खुर्चीत पिशवी घेतलेली बाई बघून त्याला काही शंका उरली नाही. "अम्मा, चला. पेशंटला झोपू द्या."

शेषगिरी एसीकडे बघू लागला.

आई सावकाश उठली, पोटावर हात धरून. तिने बाबांची चादर नीट केली. "जपून हं. जड काही उचलू नका."

"हेमा, अगं, माझा चष्मा घरी राहिलाय."

"बघते. उद्या भेटीच्या वेळेत कुणी सोडलं तर."

गार्डने तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं. टॅक्सीत हेब्बाळच्या पुलापर्यंत ती मला सारखी दटावत होती, की तोंड बंद ठेव, हसलं की टाके ओढतात.

घरी आल्यावर आई भात खाऊन स्वतःच्या पलंगावर झोपली. मग बाबांचा फोन आला. "शाल्मली, संध्याकाळी मला तपासायला बायकांच्या आजारांच्या मोठ्या डॉक्टर येणार आहेत. काही तरी कर." आवाज शांत होता, पण ते मला शाल्मली क्वचितच म्हणतात. मी विमा कंपनीला लिहायला बसले.

'महोदय, श्री. श्रीकांत दाबके हे पुरुष असल्याची आपली हरकत आम्हाला पूर्णतः मान्य आहे. दाव्यास मंजुरी मिळताच ते आपल्या मूळ पदावर रुजू होतील. तरी तोपर्यंत त्यांना स्त्री समजण्यात यावे, ही नम्र विनंती.'