मेंदीचा हत्ती

अड्याळजवळच्या तलावावर पाटबंधारे खात्याचा बंगला होता, आणि बंगल्यापुढे डोमा माळ्याचा हत्ती होता. हत्ती मेंदीचा. कुंपणातलं एक दांडगं झुडूप हेरून, त्याला कामट्या बांधून, कात्री चालवून डोमाने तो घडवला होता. चार पाय, पाठ, सुपाएवढे कान आणि तारेवर वळवलेली सोंड. रोजंदारीवरच्या माणसाने सरकारी झुडपात एवढा जीव अडकवावा, हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हे. पण डोमाला शहाणा म्हणत होतं तरी कोण?

अठ्ठ्याहत्तर साली तिजेच्या सणाला मोठे साहेब बंगल्यावर येणार होते. ओव्हरसियर मधुकररावांनी डोमाला बजावलं, "हत्ती साहेबाच्या मनात भरला पायजे. मंग तुले कायम कराची गोष्ट मी काढतो." तेव्हापासून डोमाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

पंचाईत अशी, की तिजेला गावातल्या यच्चयावत पोरींना मेंदी लागते. बाकीचं कुंपण त्यांनी दोन दिवसांत ओरबाडून पार खराटा करून टाकलं होतं. आदल्या दिवशी सकाळीच त्या हत्तीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हात लावाचा नाही कोनी!" डोमा ओरडला.

"मामा, मूठभर द्या न. तुमी तं कापूनच राहिले."

ते खरंच होतं. शेवटची छाटणी चालू होती. खाली पडलेला पाला डोमाने वाटून टाकला. पाला संपला, पोरी संपेनात. एक लहानगी रडवेली झाली, म्हणून त्याने पाठीवरून थोडं उतरवलं. पाठ एका बाजूला बसली, म्हणून दुसरी बाजू बसवली. मग पोट मोठं दिसायला लागलं. कोणाला नाही म्हणणं डोमाला जन्मात जमलं नव्हतं. दुपारपर्यंत हत्तीची म्हैस झाली आणि चार वाजता वासरू. सोंडेला मात्र त्याने कात्री लावली नाही. सोंड होती तोवर तो हत्ती होता.

सायंकाळच्या बसने आंबागडहून त्याची लेक सत्यभामा आली. लग्नानंतरची तिची पहिली तीज.

"बाबा, मेंदी ठेवली न माह्यासाठी?"

डोमाच्या बायकोने, धुरपताने, नवऱ्याकडे पाहिलं. डोमाने सोंडेकडे पाहिलं. मग कात्री उचलली.

सकाळी ते बिनसोंडेचं प्रकरण पाहून मधुकररावांचा चेहरा उतरला. "नंदी आहे म्हन," ते डोमाच्या कानात पुटपुटले.

जीप आली. साहेब थेट झुडपापुढे थांबले. "हे काय आहे?"

'नंदी' हा शब्द डोमाच्या ओठांवर आला होता. पण स्वतःच्या हातचं काम नाकारायला त्याचं मन धजेना. "हत्ती आहे, साहेब."

"आणि सोंड?"

तेवढ्यात सत्यभामा चहा घेऊन आली. डोमाने तिच्या हातांकडे बोट दाखवलं. "तिथं गेली, साहेब. तीज आहे न आज. बाकीचा हत्ती गावातल्या पोरीच्या हातावर आहे."

साहेबांनी कप घेताना तिच्या लालभडक हातांकडे पाहिलं, मग झुडपाकडे, आणि असे हसले की कपातला चहा बशीत आला. "मग दोन हत्ती करा. एक पोरींचा, एक माझा."

"दुसरा उभा व्हाले चार-पाच वर्सं लागतीन, साहेब. अन् मी तं रोजीवर आहो."

साहेब मधुकररावांकडे वळले. "यांना कायम करायचे कागद आजच द्या माझ्याकडे. हत्ती अर्धा टाकून माळी जाणार कुठं?"

डोमाला हुंदका आवरेना. साहेबांपुढे रडायचं कसं, म्हणून तो पाठ फिरवून वासराचा कान छाटायला लागला, आणि कान साफ वाकडा कापला गेला.