पेन्सिलीची शंका

कानामात्रा तिसऱ्यांदा उठले आणि बेसिनवर जाऊन हात धुऊन आले. हातांना काहीच लागलेलं नव्हतं. सकाळपासून ते नुसते कागद वाचत होते, तेही स्वच्छ, ऑफिसच्याच प्रिंटरमधून निघालेले. तरी दर पन्नासेक पानांनंतर बोटं चिकट झाल्यासारखी वाटत, आणि साबण लावल्याशिवाय पुढच्या पानाला हात लावावासा वाटत नसे.

या दैनिकात ते एकतीस वर्षं प्रुफं तपासत होते. कानामात्रा हे नाव कुण्या जुन्या उपसंपादकाने ठेवलं. तो गेला, नाव राहिलं. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत एक टेबल, एक दिवा, पुठ्ठा सुटलेला शब्दकोश आणि डब्यात दोन लाल पेनं व एक पेन्सिल. चुकीला लाल शाई, शंकेला पेन्सिल, असा तिथला जुना रिवाज. बातमीतली एखादी गोष्ट पटली नाही तर ती आपण बदलायची नाही. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं आणि ‘पाहावे’ लिहायचं. वरून खुलासा आला की शंका रबराने पुसायची. शेवटी उजव्या कोपऱ्यात त्यांची सही झाली की पान छपाईला सुटायचं. सहीशिवाय एकही पान आजवर खाली गेलेलं नव्हतं.

"एवढं सगळं वाचायला तुमच्यासारखा सबुरीचा माणूस दुसरा नाही आपल्याकडे," संपादक सकाळी म्हणाले होते. "आपल्या पेपरचा उल्लेख कुठे कुठे येतो त्याची यादी करा. आणि कानामात्रा, यादी माझ्याच हातात द्या."

एका बड्या वित्तसम्राटावर खटला चालू होता आणि न्यायालयाने सोमवारी त्याचे अठरा हजार खासगी इमेल सगळ्यांसाठी खुले केले होते. वित्तसम्राट ही पदवी याच दैनिकाने त्याला बहाल केली होती. तीन दिवस जो तो त्या संकेतस्थळावर आधी स्वतःचं नाव टाकून बघत होता. दैनिकाने मात्र पहिले दोन दिवस आपल्याला काही ऐकूच येत नाही असा आव आणला. आज सकाळी दुसऱ्या एका पेपरने संपादकांचेच चार इमेल पहिल्या पानावर छापले, तेव्हा कुठे कान उघडले.

चारच कशाला? कानामात्रांच्या यादीत दीडशेच्या वर उल्लेख झाले होते. उद्याचा अग्रलेख आदल्या दुपारी वित्तसम्राटाकडे जायचा: ‘दादा, जरा नजरेखालून घाला.’ उत्तर यायचं: ‘तिसरा परिच्छेद कडू आहे.’ तासाभरात संपादकांचं प्रत्युत्तर: ‘साखर घातली.’ तो तिसरा परिच्छेद कानामात्रांना पाठ होता. संयमी लेखन कसं असावं म्हणून त्यांनी तो कापून नव्या मुलांना वाचायला दिला होता. आरोग्यमंत्र्यांची तऱ्हा निराळी. त्यांना फोटोत पोट दिसायला नको असे, वित्तसम्राटाच्या डायलिसिस केंद्रांवर तपासणीचं पथक कधी पाठवायचं हे ते त्यालाच विचारत, आणि मेव्हण्याच्या नोकरीचं कुठवर आलं ही आठवण दर आठवड्याला करत. तिघं एकमेकांच्या बायकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत. एकदा मंत्र्यांनी काळजीने विचारलं होतं, हे सगळं वाचकांच्या लक्षात आलं तर? संपादकांनी लिहिलं होतं, ‘वाचक सकाळी पेपर घेऊन कुठे बसतो हे आपल्याला माहीत आहे. तिथे कोण विचार करतो?’

त्यावर तिघं हसले होते. हसण्याची पिवळी तोंडं ओळीने छापून आली होती.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं कानामात्रांची आई म्हणायची. एकतीस वर्षं आपण मान खाली घालून दळत होतो, आणि वेलांट्या नीट पडल्या की पीठ चांगलं झालं असं समजत होतो. जेवणाचा डबा उघडून त्यांनी एक घास घेतला आणि झाकण लावून टाकलं.

दीडच्या सुमारास एकशे चौऱ्याहत्तरावा उल्लेख सापडला. नऊ वर्षांपूर्वीचा इमेल, संपादकांनी वित्तसम्राटाला पाठवलेला, प्रत मंत्र्यांना.

‘अकराचा आकडा काढला. प्रुफातल्या एका म्हाताऱ्याला शंका आली होती, मी स्वतः जाऊन मिटवली. त्याची मुलगी यंदा मेडिकलला जाते आहे. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीत बसते का पाहा.’

ट्रस्ट वित्तसम्राटाचा, अध्यक्ष मंत्री. त्यांचं उत्तर खाली होतं: ‘बसवू. नाव पाठवा.’

आणि त्याखाली वित्तसम्राटाचे दोनच शब्द. ‘स्वस्तात सुटलो.’

सवयीने कानामात्रांनी त्यात चूक शोधली. एकही नव्हती. मग त्यांनी तो पुन्हा वाचला. एकावन्नाव्या वर्षीच आपण म्हातारे झालो होतो, हे त्यांना आज कळत होतं. या वेळी ते बेसिनकडे गेले नाहीत.

बातमी त्यांना लख्ख आठवत होती. वित्तसम्राटाच्या डायलिसिस केंद्रांमध्ये एकदा वापरलेल्या नळ्या धुऊन पुन्हा लावत होते. बातमीदाराच्या मूळ प्रतीत ‘अकरा रुग्णांचा मृत्यू’ होतं. प्रुफात आलं ‘काही रुग्णांना त्रास’. कानामात्रांनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: मूळ प्रतीत अकरा मृत्यू. पाहावे. अर्ध्या तासाने संपादक जिन्याखाली आले, पहिल्यांदाच, आणि त्या डुगडुगत्या स्टुलावर बसले. आकड्याला आधार नाही, वकील नको म्हणतात, म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मुलगी काय करते हो तुमची?" कानामात्रांनी कौतुकाने गुण सांगितले. खणातून गुणपत्रिकेची प्रतही काढून दाखवली. संपादक जिना चढून गेल्यावर त्यांनी रबर घेतलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. बायकोने शेजाऱ्यापाजाऱ्यांची तोंडं गोड केली. मुलगी पत्र नाचवत म्हणाली होती, "बघा बाबा, कुणाची ओळख न लावता मिळाली." तेव्हा त्यांच्या मनात काहीच आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. पानावरचा रबराचा कचरा फुंकरीने उडवावा तसं त्यांनी ते उडवून दिलं होतं.

चार वाजता संपादक आले. एका हाताने यादी घेतली, दुसऱ्या हातातलं प्रुफ टेबलावर ठेवलं. यादीवरून फिरणारं त्यांचं बोट शेवटच्या पानावर थांबलं.

"हा कशाला घेतलात? यात पेपरचं नाव कुठे आहे?"

"प्रुफाचा उल्लेख आहे, साहेब."

"कोण म्हातारा, कुठला म्हातारा, कुणाला कळणार आहे? तुमचं नाव मी कुठेच येऊ दिलं नाही." संपादक प्रेमाने बोलत होते, आणि तेच सोसवत नव्हतं. "खोडा तो. मुलगी डॉक्टर झाली ना? मग झालं तर."

कानामात्रांनी चष्मा काढून पुसला. विचारू नये ते त्यांनी विचारलं.

"ती आमच्या भागात पहिली आली होती. तिला तशीही मिळालीच असती ना, साहेब?"

"असेलही," संपादक म्हणाले. "गुणपत्रिका कोण उघडून बघतं तिथे?"

ते गेले. त्यांच्या अत्तराचा वास स्टुलाजवळ बराच वेळ रेंगाळला.

प्रुफ उद्याच्या पहिल्या पानाचं होतं. मध्यभागी चौकटीत संपादकांचं निवेदन. ‘या दैनिकातील एकही ओळ कोणाच्याही सांगण्यावरून कधी बदललेली नाही. आमच्या कोणत्याही सहकाऱ्याने कसलाही लाभ घेतलेला नाही.’ ताकाला जाऊन भांडं लपवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. हा गडी ताक पिऊन, ओठ न पुसता, मी गवळीवाडा पाहिलाच नाही म्हणत होता.

कानामात्रांचा हात पेन्सिलीकडे गेला आणि तिथून परतला. त्यांनी लाल पेन उचललं. दुसऱ्या वाक्यावर सरळ रेघ मारली आणि समासात लिहिलं: घेतला आहे. मुद्रितशोधकाच्या मुलीची शिष्यवृत्ती. अक्षर नेहमीसारखं गोल आलं. पान हातातून सुटण्याआधी हे तिला आपल्या तोंडून कळायला हवं. तिची ती एकच कमाई, स्वतःच्या हिमतीची, आता आपल्यालाच काढून घ्यायची आहे. दूरच्या शहरातल्या इस्पितळात काम करणाऱ्या तिला त्यांनी मोबाइलवर फोन लावला.

पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"बोला, बाबा."

"बाळ, एक सांगायचं होतं. ते इमेल निघालेत ना, त्यात..."

"वाचलेत मी. सोमवारीच." तिचा आवाज सपाट होता. "मीही माझं नाव टाकून बघितलं, सगळ्यांसारखं. त्या ‘नाव पाठवा’च्या पुढच्याच इमेलमध्ये आहे. तुमच्या नावासकट. तीन दिवस मी तुमच्या फोनची वाट बघत होते."

"शिष्यवृत्तीचं मला खरंच..."

"शिष्यवृत्तीचं नाही विचारत मी."

पलीकडून चाकांची गाडी ढकलत नेल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

"अकरा माणसं गेली होती. ते तुम्हाला माहीत होतं?"

कानामात्रांनी डब्यातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. मागचं रबर झिजून पत्र्याला टेकलं होतं.

"वाचलं होतं."

"म्हणजे माहीत होतं."

"हो."

"ती केंद्रं त्यानंतर किती दिवस चालू होती, ठाऊक आहे?"

"नाही."

"चार वर्षं. त्याच नळ्यांवर. पेशंट खोळंबलेत, बाबा. ठेवते."

फोन खाली ठेवून कानामात्रा पानाकडे बघत राहिले. समासातला लाल मजकूर मघाशी त्यांना मोठा धीराचा वाटला होता. आता पुन्हा वाचताना दिसलं, त्यात ते स्वतः होते, त्यांची मुलगी होती, त्यांची लाज होती. अकरा जणांपैकी कुणीच नव्हतं. आणि निवेदनातलं पहिलं वाक्य त्यांच्या नजरेखालून, त्यांच्या टेबलावरून, तसंच्या तसं सुटलं होतं.

त्यांनी पुन्हा पेन उघडलं. पहिल्या वाक्यावर रेघ मारली. समासात जागा फारशी उरली नव्हती, म्हणून वरच्या कोऱ्या पट्टीत, पेपरच्या नावाच्या शेजारी, त्यांनी लिहिलं: बदललेली आहे. अकरा मृत्यू. मूळ ओळ मी वाचली होती. बातमीची तारीख आठवायला त्यांना जराही वेळ लागला नाही. तीही लिहिली.

शिपाई दारात येऊन उभा राहिला. कानामात्रांइतकीच त्याचीही इथे वर्षं झाली होती. पानावरची लाली बघून तो दचकला.

"खाली पानासाठी थांबलेत. काही शंका आहे का? साहेबांना बोलावू?"

"शंका नाही," कानामात्रा म्हणाले.

कोपऱ्यातली सहीची जागा कोरी ठेवून त्यांनी पान त्याच्या हातात दिलं. बोटांना लाल शाई लागली होती. ते हात धुवायला उठले नाहीत.