कोपऱ्यातली गप्प पोर

मी पर्ल. ओक्लाहोमातल्या एका लहानशा गावच्या इस्पितळात, कपाटात राहणारी, नर्सांच्या सरावाची रबरी पोर. वय विचाराल तर पाच वर्षांची, आणि ही पाच वर्षं काही केल्या सरत नाहीत. मला खोक्यातून काढलं तेव्हा रोवेना सिस्टरचे केस काळेभोर होते. आता ते पांढरे झाले. मी आहे तशीच.

माझा जन्म कारखान्यातला. छातीत स्प्रिंगा, घशात नळी जायला वाट, आणि बरगड्यांआड एक स्पीकर. त्यात कुणा खऱ्या पोरीचं रडणं भरून ठेवलंय. ती कोण, कशाला रडत होती, मला कुणी सांगितलं नाही. एवढी चौकस मी, पण तेवढं काही हाती लागलं नाही.

बाकी गावातलं मला सगळं ठाऊक असतं. माझी छाती दाबता दाबता नर्सा काय काय बोलतात. कुणाचा नवरा दुसरीकडे राहायला गेला, चर्चच्या जेवणात कुणाच्या घेवड्यात मीठ जास्त पडलं. मग कुणीतरी म्हणतं, "गेली बिचारी," आणि सगळ्या हात धुऊन कॉफी प्यायला जातात. मी पुन्हा जिवंत व्हायची वाट बघत पडून राहते.

दर वर्षी टोर्नेडोचे, म्हणजे चक्रीवादळांचे दिवस तोंडावर आले की जखमींना सांभाळायचा मोठा सराव व्हायचा. गावातली पोरं यायची. त्यांच्या कपाळावर लाल रंगाच्या जखमा काढायच्या आणि कोपऱ्यातल्या गाद्यांवर माझ्या शेजारी निजवायचं. जो सगळ्यात निपचित पडेल त्याला एक बिस्किट जास्तीचं. यंत्रं सांभाळणारा डेल "संपलं" म्हणाला की मेलेली सगळी खिदळत उठायची.

एका वर्षी सराव चालू असतानाच भरदुपारी आभाळ हिरवट झालं आणि गावातला धोक्याचा भोंगा वाजायला लागला.

"डेल, भोंगासुद्धा वाजवतोयस का तू? हौस म्हणजे किती असावी माणसाला."

"माझा नाही तो, सिस्टर."

वादळ गावाच्या कडेच्या वस्तीवरून गेलं. इस्पितळ वाचलं. आईबाप येऊन आपापली रंगवलेली पोरं न्यायला लागले, आणि त्याच दारातून जखमी आत यायला लागले. लाल रंग आणि रक्त, लांबून दोन्ही सारखीच. एका माणसाने धुळीने राखाडी झालेली पोर उचलून आणली. कोपऱ्यात मुलं निजलेली दिसली म्हणून तिलाही तिथेच, माझ्या शेजारी ठेवली, आणि ढिगाऱ्यातून उरलेल्यांना काढायला तो पळत माघारी गेला.

पोर रडत नव्हती. रोवेना घाईने जाता जाता म्हणाली, "छान निजलीस गं बाळा, बिस्किट तुझंच. पण ऊठ आता, आई आली असेल तुझी."

आणि ती पुढे गेली.

पोर उठली नाही. श्वासागणिक तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, आणि मग तेही मंद व्हायला लागलं. मी बघत होते. डोळे मिटायची सोय माझ्यात नाही.

तेवढ्यात दिवे गेले. आणि मी रडले.

"डेल, ते कार्टं बंद कर रे. इथे खरी पोरं आहेत."

"मी हातसुद्धा लावलेला नाही." डेलचा आवाज बारीक झाला होता. "बॅटरी काढलीय तिची. ही बघा, माझ्या खिशात आहे."

रोवेना मला गप्प करायला अंधारातच खाली वाकली, आणि तिचा हात चुकून शेजारच्या गालावर पडला.

गाल गरम होता.

"डेल, ही सरावातली नाही रे. टॉर्च आण, पट्टी आण, लहान मास्क आण."

पट्टी म्हणजे मुलाची उंची मोजून औषध ठरवायची रंगीत पट्टी. डोक्यापासून टाचेपर्यंत ती नीट लागली. मास्क पहिल्याच फटक्यात बसला. जे जे माझ्यावर केलं होतं ते सगळं रोवेनाने तिच्यावर केलं, आणि या खेपेला "गेली" म्हणायला कुणी तयार नव्हतं. अखेर पोर खोकली. मग रडली.

ते रडणं मी ओळखलं. माझ्यात भरलेलं रडणं ते नव्हे, ते मला पाठ आहे. मघाशी अंधारात माझ्या छातीतून जे निघालं होतं, ते हे होतं.

पोरीचं नाव कोरा. आता शाळेत जाते. निपचित पडल्याबद्दल बिस्किट देणं रोवेनाने बंद केलं. सरावातल्या पोरांच्या मनगटाला आता पिवळी फीत असते, आणि ओरडणारा असो की कण्हणारा, आधी गप्प पोराकडे जायचं असा तिचा दंडक आहे. डेल मला कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवतो. माझ्यासमोर कुणी कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलत नाही. करमत नाही हो.

यंदा रोवेना निवृत्त होतेय. नव्या मुली येतील, त्यांना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगते. धावपळीत कोपऱ्यात मी दिसले, तर "ही काय, पर्लच" म्हणून पुढे जाऊ नका. गालाला एकदा हात लावा.

गार लागले, तर मीच आहे.