डाव्या कुशीवर

विक्कीच्या लग्नात शिवलेला पांढरा सदरा मळेल म्हणून उकंडानं आधी फरशीवर आपला दुपट्टा अंथरला आणि मग महागावच्या त्या शाळेच्या ऑफिसात, हेडमास्तरांच्या टेबलापुढं, तो आडवा झाला. विक्की त्याचा धाकटा पोरगा, लग्न होऊन महिनाच उलटला होता. साल दोन हजार सतरा, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या.

मधुसूदन सर खुर्चीतून अर्धे उठले.

"अहो बाबा, हे काय? उठा, उठा."

"थांबा जी सर. एकदा पाहून घ्या." उकंडा पडल्या पडल्याच बोलत होता. "आमची दीपमाला अशी पडते. हातपाय झाडते, डोळे वर जातात. तवा तिले दाबून धरू नोका. तोंडात चमचा नोका घालू. पाणी नोका पाजू. अशी डाव्या कुशीवर करा, डोक्याखाली काही मऊ द्या अन् थांबा. आपोआप बरी होते. पाच मिनटाच्या वर गेलं तं दवाखान्यात न्या. अन् चप्पल हुंगवू नोका. चप्पल तं बिलकुल नाही."

दारातला शिपाई तोंडावर हात धरून हसला.

"हास बाप्पा, हास," उकंडा म्हणाला. "पण ध्यानात ठेव."

सर तोवर कम्प्युटरकडं वळून काहीतरी टकटक करायला लागले होते. उकंडाला वाटलं, याचं लक्षच नाही. गुडघ्यावर हात देऊन उठता उठता त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

नातीच्या प्रत्येक शाळेत तो असाच आडवा झाला होता. त्याचा थोरला, धम्मरत्न, जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीवर काम करायचा. ठेकेदार धाडेल त्या गावाला बिऱ्हाड जायचं आणि बिऱ्हाडामागं पोरीची शाळा. दरवेळी दाखल्यासाठी मागच्या गावाला एसटीनं खेटे. दाखला मिळेपर्यंत पोर नव्या वर्गात पाहुण्यासारखी बसायची. खिचडी खायची आणि घरी यायची. तिला फिट येते हे तर कुठल्याच दाखल्यावर नसायचं. ते उकंडाच्या तोंडीच एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचं.

एकदाच त्याचं जाणं चुकलं होतं. तो तापानं पडून होता आणि पोर त्या गावच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात पडली. माणसं धावली. कुणी पाय धरले, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी दातखीळ सोडवायला चमचा घातला. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण पुढचा दात तुटला, तो दुधाचा नव्हता. तेव्हापासून पहिल्या दिवशी, पोर वर्गात बसायच्या आधी, उकंडा ऑफिसात हजर. पोरीला मात्र तो बाहेर उभी करायचा. आपण पडतो म्हणजे काय होतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघू लागली. कापूस पिवळा पडला. दुसऱ्या वेचणीला लोकांनी उभ्या पिकात गुरं सोडली. जिनिंगवर कापसाच्या गाड्या येईनात. संक्रांतीच्या आधीच ठेकेदारानं माणसं कमी केली आणि धम्मरत्नला पांढरकवड्याकडं पाठवलं. बिऱ्हाड जवळच्या केळापुरात लागलं.

सोमवारी सकाळी सून पोरीची वेणी घालत होती. उकंडा पांढरा सदरा शोधायला लागला.

"मामाजी, तुमी पडून राहा आज," सत्यशीला म्हणाली. "रातभर खोकलले. मी नेऊन देते तिले."

"अन् सांगशीन?"

सत्यशीलानं रिबिनीची गाठ आवळली. पोर "आई गं" म्हणाली.

"काय सांगाचं? गोळ्या चालू हायेत. शाळा-शाळानं सांगत फिरलो तं उद्या तिची सोयरीक कोन करन?"

"अन् पडली तं?"

"नाही पडत."

"लाज वाटते तुले सांगाची?"

"लाज नाही, मामाजी." तिनं पोरीच्या खांद्यावरून कंगवा उचलला. "भेव वाटते."

यावर उकंडाला काही बोलायचं होतं. पण खोकला आला. उभी हयात जिनिंगची रुई छातीत गेलेली, ती आता बाहेर यायला पाहत होती. खोकला थांबला तेव्हा मायलेकी रस्त्याला लागल्या होत्या. सामान हलवायच्या गडबडीत पोरीच्या दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्या होत्या. ते त्याला माहीत होतं आणि सत्यशीलालाही माहीत होतं.

तो निघाला तेव्हा ऊन चढलं होतं. कडुनिंबाखाली बसत, पुलाच्या कठड्यावर टेकत, शाळेच्या फाटकाशी पोचला तर मधल्या सुट्टीचा कालवा नव्हता. पोरं मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गोळा करून बसवलेली होती. व्हरांड्यात एक तरुण मास्तरीण गुडघ्यावर बसली होती आणि तिच्यापुढं दीपमाला.

पोर डाव्या कुशीवर होती. डोक्याखाली मास्तरणीच्या ओढणीची घडी. तिचा एक हात पोरीच्या खांद्यावर नुसता ठेवलेला, नजर मनगटावरच्या घड्याळात. बाजूला खिचडीवाली बाई चप्पल हातात घेऊन उभी होती.

"चंदाबाई, चप्पल नको," मास्तरीण मान वर न करता म्हणाली. "थांबा फक्त."

उकंडा फाटक धरून उभा राहिला. पोरीचे हात हळूहळू शांत झाले, तिनं एक लांब श्वास टाकला, तेव्हा कुठं तो व्हरांड्याशी गेला.

"मी आजा तिचा," तो म्हणाला. "तुमाले कोनं सांगतलं? सून आलती?"

"त्या फाटकातूनच परतल्या." मास्तरणीचं नाव शाल्मली. कपाळावरचा घाम तिनं बाहीनं पुसला. "मला महागावच्या शाळेनं सांगितलं."

"कोन आलं महागावाहून?"

"कुणी नाही आलं, बाबा. आत बसा आधी."

दीपमालाला बाकावर निजवून तिनं कम्प्युटर उकंडाकडं वळवला.

"आता शाळांचे कम्प्युटर एकमेकांना जोडलेत. सकाळी हिचं नाव मी इथं मागितलं, तिकडच्या सरांनी तासाभरात सोडलं. नाव, वर्ग, मार्क, सगळं एकदमच आलं. दाखल्यासाठी तुम्हाला खेटे नकोत. आणि हेही आलं, वाचा."

उकंडा वयाच्या पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेला. तो पडद्याजवळ वाकला आणि एकेक शब्द ओठांवर आणत वाचू लागला. फिट येते. डाव्या कुशीवर वळवावे. दाबून धरू नये. तोंडात काही घालू नये. चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांच्या वर गेल्यास दवाखाना. आजोबांनी स्वतः जमिनीवर पडून दाखवले आहे.

शेवटच्या ओळीशी तो थांबला. ती त्यानं पुन्हा वाचली.

"मी म्हनलो, हा मास्तर आयकूनच नाही राह्यला," तो म्हणाला.

मग त्यानं मागं वळून दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे गावात कोनाले दिसते?"

"कुणालाच नाही. वर्गशिक्षक आणि हेडमास्तर, बस."

"हे माह्या सुनेले सांगा तुमी. तुमच्या तोंडून आयकन ते." मग त्यानं विचारलं, "अन् पुढच्या शाळेत?"

"ही जाईल तिथं हे जाईल."

उकंडानं मान हलवली. सदऱ्याची पुढची बाजू तळहातानं साफ केली, तिथं काही नसताना. इतक्या लांब तो जे सांगायला आला होता ते सांगून झालेलं होतं.

"बरं झालं," तो म्हणाला. "लय बरं झालं, बाई."

चंदाबाई दारात येऊन उभी होती. चप्पल आता पायात होती.

"मॅडम, तुमच्या मशिनीनं तुमाले सांगतलं. मले कोन सांगन? मले वाचता येते काय? आमच्या घरी तं चप्पलच हुंगवतात."

"मी समजावते ना, चंदाबाई."

"तुमी राहू द्या. बुढेबाबाले सांगू द्या."

उकंडानं दुपट्टा सोडला आणि फरशीवर अंथरला. दीपमाला बाकावर उठून बसली होती, चेहरा ओला, डोळे जड. सवयीनं तो म्हणणार होता, जा बाई, भायेर बस. तसं तो म्हणाला नाही. दुपट्ट्यावर पाठ टेकून तो उताणा झाला.

"ये वं दीपे. मी पडलो. आता कर मले कुशीवर."

पोर खाली उतरून त्याच्याजवळ बसली.

"मले असं होते, आबा?"

"असंच."

"दुखते?"

"ते तुले ठाऊक. मले काय ठाऊक?"

"मले तं काहीच आठोत नाही."

"मंग झालं तं."

तिनं त्याच्या खांद्याला दोन्ही हात लावले आणि ढकललं. तो अंग सैल सोडून वळला.

"डोक्याखाली दे काही," चंदाबाई म्हणाली. ती केव्हाच खाली येऊन बसली होती.

दीपमालानं दुपट्ट्याचं एक टोक गोळा करून त्याच्या कानाखाली सारलं.

"आता?"

"आता थांबाचं."

ती थांबली. शाल्मलीनं घड्याळात पाहिलं नाही. बाहेर पोरांचा गलका पुन्हा सुरू झाला होता, खिचडीच्या ताटल्या वाजत होत्या. उकंडानं डोळे मिटले. खांद्यावरचा लहानसा हात त्याला कळत होता. बरा झालो हे सांगायची त्यानं घाई केली नाही.

जूनमध्ये बिऱ्हाड ढाणकीला गेलं. पहिल्या दिवशी सत्यशीलानं दीपमालाला नव्या शाळेच्या फाटकाशी सोडलं. पोर एकटी आत गेली आणि आई निंदणाला निघून गेली. उकंडा त्याआधीच, दोन हजार अठराच्या बुद्धपौर्णिमेला, केळापुरात वारला होता.