एकटीने आणलेली घागर

“बरी हाये ते आता. लिहा, पुरी बरी हाये,” दुर्गाबाईने तोंड उघडायच्या आत तिची सासू गोदाबाई म्हणाली.

शालूने कागदावरची नजर उचलली. नागपूरला समाजकार्य शिकणारी ही मुलगी, इस्पितळातून घरी परतलेल्या मनोरुग्णांची विचारपूस करत तेल्हाऱ्याला आली होती. १९६३चा डिसेंबर होता. कापूस वेचून आलेली दुर्गाबाई ओसरीवर टेकली होती.

“आजी, त्यांनाच बोलू द्या. दुर्गाबाई, ते आवाज आता येत नाहीत ना?”

“येते कधी कधी.”

गोदाबाई उसळली. “हे लिहू नोको व बाई! पुन्हा घेऊन जातीन हिले.”

पाच वर्षांपूर्वी तान्हे मूल गेले, आणि दुर्गाबाईला विहिरीतून त्याच्या हाका ऐकू येऊ लागल्या. एके दिवशी तिने उडी घेतली. गावकऱ्यांनी वर काढले. मग चौदा महिने इस्पितळ. घरी आल्यावर पाण्याला जायची तिला बंदीच होती.

शालूच्या कागदावर तीन चौकोन होते : पूर्ण बरी, थोडी बरी, बरी नाही. हाका येत असतील तर पहिल्यात खूण करता येत नव्हती. ती घुटमळली. मग कागद पालथा करून तिने कोऱ्या बाजूवर पेन टेकवले.

“तुम्हाला स्वतःला कधी वाटलं, की आपण बऱ्या झालो?”

हे दुर्गाबाईला आजवर कोणी विचारले नव्हते.

“गेल्या चैतात,” ती म्हणाली. “घरात पानी नोतं. आत्याबाई म्हने, जा, घागर भरून आन. एकलीले धाडलं मले. हाका आल्या तईही. म्या म्हनलं, थांब राजा, घरी पानी पायजे. अन् आनली भरून.”

शालूने लिहून वाचून दाखवले, “सासूने विश्वासाने एकटीला पाठवले...”

“तसं नोका लिहू. आत्याबाई मांगं मांगं आली होती. निंबाच्या आड उभी होती. म्या पाह्यलं.”

गोदाबाई दचकली. “तुले ठाव होतं?”

“हो. पन तुमी पुढं नाई आल्या. थे लिहा, बाई.”

“का नाही गेलात पुढे, आजी?” शालूने विचारले.

“पाय लटलट कापून राह्यले होते माह्ये. पन हात धरला असता, तं पोरीनं पुन्हा कईच एकलीनं पानी भरलं नसतं.”

शालू लिहीत राहिली. दुर्गाबाई सरकून सासूजवळ आली, आणि तिचे पाय मांडीवर घेऊन हळूहळू चेपू लागली.