सभागृहाबाहेरचा बाक

“ज्या दिवशी तुह्यावर कोणी बसनार नाई ना, त्या दिवशी भेव लागू दे,” असं मला घडवणारे पुंजाराम सुतार मला दारापाशी ठेवताना म्हणाले होते. मी ते मनावर घेतलं नाही. कोणी नाही बसलं तर तेवढाच पाठीला आराम, एवढंच मला वाटलं.

मित्रांनो, मी मेळघाटच्या सागवानाचा एक जुना बाक आहे. अकोल्याहून एस.टी.नं तासाभरावरच्या एका लहान गावच्या नगरपालिकेत, सभागृहाच्या दाराबाहेर, मी बारा वर्षं काढली. ज्या मेंबरच्या धंद्याचा विषय आत निघेल, त्यानं उठून बाहेर यायचं, माझ्यावर बसायचं आणि ठराव झाल्यावरच आत जायचं. स्वतःच्या फायद्यासाठी स्वतःच हात वर करायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

भगवंतरावांची वीटभट्टी होती, त्यामुळे त्यांची पाळी वारंवार यायची. “पंगत आत बसली, अन् आमी ओसरीत!” असं शिपायाला म्हणत ते सुपारी कातरायचे. कुरकुरायचे, पण बसायचे. बाहेरगावचे पाहुणे आले की जुने मेंबर त्यांना मुद्दाम मला दाखवत. तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे भगवंतराव अध्यक्ष झाले. भट्टी त्यांच्या साळ्याच्या, गोवर्धनच्या नावावर गेली. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही आपापल्या धंद्यांना भाऊ, जावई शोधले. माझ्यावर कोणी बसेनासं झालं. धूळ साचली, शिपाई तीही पुसेना.

१९६१ साली प्राथमिक शाळेच्या नव्या खोलीचा विषय निघाला. विटा गोवर्धनच्याच घ्यायच्या होत्या. दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. देवमन नावाचे नवे मेंबर उभे राहिले.

“अध्यक्षसाहेब, विषय तुमच्या इटायचा हाये. बाहीर बसा.”

“कावून? भट्टी माही हाये काय? गोवर्धनची हाये.”

“गोवर्धन कोण हाये तुमचा?”

“साळा हाये. मंग? साळा असनं गुन्हा हाये काय?”

सगळे हसले. देवमन हसले नाहीत.

“गुन्हा नाई. पण त्या भट्टीचा हिशेब तुमच्या घरी लिवल्या जाते. तेवढं ठरावात लिवा अन् बाहीर जा. इटा चांगल्या असतीन त आमीच हात वर करू.”

“देवमन, खाली बस. लोकायले घरी जायचं हाये.”

हात वर झाले. ठराव मंजूर झाला. देवमन बाहेर आले आणि धूळ न झटकताच माझ्यावर बसले.

शिपाई गडबडला. “देवमनभाऊ, तुमी कावून बाहीर? तुमचं काय हाये त्या शायेत?”

“माही पोरगी जाईन तिथं,” देवमन म्हणाले, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

पुढच्या वर्षी सभागृहात नव्या खुर्च्या आल्या. माझी अडचण व्हायला लागली, म्हणून मला त्याच शाळेच्या नव्या खोलीत पाठवलं. माझं एक टोक भिंतीला लागलेलं आहे. त्या विटा पाणी पितात. बोट लावलं की भुगा गळतो. आता तर भिंतीत वरपासून खालपर्यंत फट गेली आहे. हेडमास्तरांनी दोनदा कळवलं. वरून उत्तर आलं, पाहू.

देवमनची मैना पहिलीत आहे. तिची आई पंचफुला रोज तिला सोडायला येते, फटीत करंगळी घालून बघते. काल करंगळी गेली ती पेरभर जास्त गेली. “मैना, अल्याडच्या टोकाले बस, बाप्पा,” ती म्हणते. मैना मान हलवते. पण खिडकी त्याच भिंतीत आहे, उजेड तिकडूनच येतो. आई गेली की पोर पाटी घेऊन हळूहळू तिकडे सरकते.

मित्रांनो, मी लाकूड आहे, थकलेलं. मला तिचा हात धरून ओढता येत नाही. तुमच्याही गावात सभा भरत असेल. दाराबाहेर कोणी बसतं का ते बघा, आणि बसत नसेल तर का, ते विचारा. पण ते नंतर. दोन दिवस झडीचा पाऊस लागला आहे. आधी शाळेत या, आणि मैना कोणत्या टोकाला बसली आहे, तेवढं बघून जा.