दोरा कापलेली पट्टी

"बटणाला हात लावू नका," असं म्हणत ती खुर्चीवरून उठली आणि कंपनीचा माणूस आणि सर्व्हर यांच्या मधोमध उभी राहिली.

त्याचं बोट हवेतच राहिलं. रक्ततपासणीच्या त्या प्रयोगशाळेत सर्व्हर कोसळला की आधी बटण दाबायचं आणि मग विचार करायचा, अशी चार महिन्यांत रीतच पडली होती. बटण दाबलं की मशीन उठायचं, पण पडता पडता पडद्यावर जे सांगून गेलेलं असायचं ते पुसलं जायचं. मग ज्याला जे सुचेल ते त्यानं म्हणावं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मशीन एकच, पण नोंदणी, अहवाल, साठा अशी सहा कामं आत आपापला संसार थाटून होती. एका घरात सहा बिऱ्हाडं म्हणा. घर पडलं की सहाही उघड्यावर. ते घर बांधलं होतं जोडीकाकांनी. सर्व्हर सांभाळायचं काम तिच्या आधी त्यांच्याकडे होतं आणि ती ते त्यांच्याच हाताखाली शिकली होती. त्यांना सगळं जोडीनं लागायचं. दोन चष्मे, दोन किल्ल्या आणि प्रत्येक नोंद दोन डिस्कवर. त्यासाठी वेगळं यंत्रबिंत्र नाही, साधं सॉफ्टवेअर. एक डिस्क मेली तरी दुसरी आहेच. दर महिन्याच्या एक तारखेला मशीन आपणहून दोन्ही डिस्क ओळ न् ओळ ताडून बघायचं, आणि चार महिने नेमकं तेव्हाच कोसळत होतं.

झालं, नवे सर्व्हर विकायला आलेल्या कंपनीच्या माणसाला तेवढं पुरलं. त्यानं अहवाल लिहिला. कारण: आधीच्या कर्मचाऱ्यानं केलेली डिस्कची सदोष मांडणी. चार वाजता संचालक त्यावर सही करणार, काकांचं घर भंगारात जाणार आणि सगळा कारभार कंपनीच्या हाती. खाली तिनंही सही करावी, असा निरोप सकाळीच आला होता. बारा वर्षांत एकाही रुग्णाचा अहवाल न हरवलेल्या माणसाचं नाव असं काळं करायचं? चोर सोडून संन्याशाला सुळी! तिचं डोकंच फिरलं. सही करायची की नाही ते चारला सांगते, असं तिनं संचालकांना कळवून टाकलं.

नोंदणी आणि अहवाल ही दोन बिऱ्हाडं तिनं काकांच्याच दुसऱ्या, रडतखडत चालणाऱ्या जुन्या मशीनवर हलवली. बाहेर बाकांवर बसलेल्यांचं काही अडायला नको. काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, आज जरा हळू चालेल, सांभाळून घ्या. मग तिनं डिस्कची ताडणी स्वतःच्या हातानं सुरू केली. पडायचंय ना तुला, मग माझ्या डोळ्यांदेखत पड.

आणि ते पडलं होतं. त्याचं बोट बटणाकडे गेलं होतं ते तेव्हाच.

तिनं पडद्याचा फोटो काढला आणि मगच बटण दाबलं. ताडणी पुन्हा सुरू. वीस मिनिटांत पुन्हा पडलं, पुन्हा फोटो. तिसऱ्यांदाही तेच. तिन्ही फोटो तिनं शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात मशीन डिस्कच्या नावानं रडत होतं, दुसऱ्यात नेटवर्कच्या, तिसऱ्यात चक्क घड्याळाच्या. दोष डिस्कच्या मांडणीत असता तर तिन्ही वेळा रडगाणं एकच असतं. दर वेळी जबानी बदलतेय, म्हणजे लक्षात ठेवण्यातच खोट आहे.

कंपनीचा माणूस योगायोग वगैरे काहीतरी पुटपुटला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही आणि मेमरीची तपासणी लावली. मेमरीच्या पट्ट्या चार. ताडणीच्या वेळी सगळ्यात जास्त ओझं त्यांच्यावरच पडतं. तीन साफ निघाल्या. चौथीला पडदा लाल ओळींनी भरून गेला.

तिनं जिंकल्यासारखी ती पट्टी उपसून काढली, उजेडात धरली आणि ओळखली.

ती पट्टी तिनंच बसवली होती, चार महिन्यांपूर्वी. अहवाल हळू निघतात अशी काउंटरवरून ओरड होती, म्हणून काकांच्या कपाटातल्या खणातून तिनं ती घेतली होती. पट्टीला पांढरा दोरा बांधलेला होता. काकांना काय, काहीही बांधून ठेवायची सवय, असं म्हणत तिनं तो कात्रीनं कापून टाकला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बाहेरच्या जिन्यात जाऊन तिनं काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, अहवालाचंसुद्धा. काकांनी एकच विचारलं.

"दोरा होता का तिला?"

"होता. मी कापला."

"संशय आला की मी दोरा बांधायचो. पण चिठ्ठी नाही बांधली, तुला कधी सांगितलंही नाही. तेव्हा चूक माझीच, पोरी. त्या कागदावर माझं नाव आहे ना, राहू दे. मी पिकलं पान, मला काय फरक पडतो? तुझी नोकरी आहे."

"मला पडतो," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तीन पट्ट्यांवर तिनं ताडणी पुन्हा लावली आणि स्वतःचा अहवाल लिहायला बसली. चार वाजता ताडणी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली होती आणि मशीन ठणठणीत उभं होतं.

संचालकांनी तिचा कागद वाचला. कारण: मेमरीची सदोष पट्टी, न तपासता बसवली. बसवणारी: पुढे तिचं पूर्ण नाव आणि सही. त्यांनी चष्मा काढला. शेजारी कंपनीचा माणूस छताकडे बघत होता.

"हे असं लिहून दिलंत तर तुमच्यावर कारवाई करावी लागेल. आणि कंपनीशी बोलणी इतकी पुढे गेली आहेत..."

"करा कारवाई. माणूस बदलायचा तर मला बदला, साहेब. मशीन बदलायचं कारण नाही, आणि काकांचं नाव त्या कागदावर राहणार नाही."

संचालकांनी तिचा कागद घडी घालून खणात टाकला आणि खण लावून घेतला.

"सध्या हा माझ्याकडेच राहू दे. बघू."

"राहू द्या," ती म्हणाली. "मी दोन प्रती काढल्यात."